पाच मुलगे, दोन मुली

सूचौच्या तांग घराण्यात लग्न लागलं आणि नवरी रुओलान लाल पलंगावर बसली, तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नवऱ्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या दोन्ही मुलींना उद्या सकाळच्या नावेने कायमचं मामाकडे धाडायचं ठरलं होतं. सासूबाईंचा हुकूम. नव्या सुनेने संसार कसा नव्याने मांडावा म्हणे. आईपुढे ब्र काढायची नवरदेवाची छाती नव्हती.

रुओलानला स्वतःला सावत्र आईने वाढवलं होतं. वडिलांच्या भट्टीवर पितळ ओतायलाही तिनेच शिकवलं. या मुली गेल्या तर रुओलानला हे घरच नको होतं.

"उधळा हो, वहिनी," सासूबाई म्हणाल्या. नवरा, मुलगे, नातवंडं सगळी धडधाकट असलेल्या वू काकूंनाच हा मान. त्यांनी खजूर, शेंगा आणि लाल दोरे बांधलेली, आशीर्वादाची अक्षरं असलेली शुभनाणी पलंगावर उधळली. बाजारात या नाण्यांना कुणी विचारत नाही, पण लग्नघरात पोरं त्यांच्यावर तुटून पडतात. दाराशी उभ्या त्या दोघी मुली मात्र हलल्या नाहीत.

रुओलानने एक नाणं उचललं. "आई, यावरची अक्षरं तुम्हीच निवडलीत ना?"

"अगं, आज नवरी बोलत नाही," वू काकू पुटपुटल्या.

"उद्या बोलून काय उपयोग, काकू? उद्या नाव सुटेल." ओढणीआडून तिचा आवाज जराही कापला नाही. "पाच मुलगे, दोन मुली. तुमच्या सांगण्यावरून आमच्या भट्टीवर मीच ओतलंय हे नाणं. मुलग्यांचं देव जाणे, पण दोन मुली दाराशी उभ्या आहेत. आलेला आशीर्वाद हाकलला, तर उरलेला या घरात कशाला येईल?"

"सून बोलते खरं, तांगबाई," पाहुण्यांतली एक म्हातारी हसत म्हणाली.

सासूबाई लालबुंद झाल्या. पण अपशकुनाला त्या जितक्या भीत, तितक्या कुणालाच भीत नसत. त्यांनी नाणं हिसकावून दिव्यापाशी धरलं, पुन्हा वाचलं.

"बघत काय उभ्या राहिलात?" त्या मुलींवर खेकसल्या. "चढा पलंगावर. कुठे जायचं नाही आता."

धाकटी धावतच आली. थोरली जागची हलेना. "आणि पाच मुलगे झाल्यावर?" तिने विचारलं.

रुओलानचा जीव तुटला. नवऱ्याने दूर करायची ओढणी तिने आपल्याच हाताने वर केली आणि मुलीच्या डोळ्यांत पाहिलं.

"तेव्हा ते तुला ताई म्हणतील," ती म्हणाली आणि सरकून तिच्यासाठी जागा केली.