महासत्तेच्या अकरा चिठ्ठ्या

"आनंदा, सांगून ठेवतो, जगाची तिसरी लढाई होऊन जाईल, तरी आपण याच पानावर बसलेले असू."

ओटीवर श्रीपादराव कुजबुजले. "हळू, वहिनी ऐकतील," आनंद म्हणाला. चहा घेऊन दारात आलेल्या नीलाबाईंनी ऐकलंच होतं. त्यांनी कप जरा जास्तच वाजवून ठेवले. आपण काही ऐकलं नाही, असं समजून त्या दोघांना हायसं वाटावं.

कोपरीतल्या या घरात दीड वर्ष दर रविवारी सकाळी शब्द घडत होते. स्वराज्य आलं, वर्तमानपत्रांत जगाच्या बातम्या वाढल्या, तेव्हा निवृत्त हेडमास्तर हरिहरपंतांनी राजकारणाच्या शब्दांचा छोटा कोश करायला घेतला. श्रीपादराव ठाण्याच्या कोर्टात कारकून, आनंद पंतांचा जुना विद्यार्थी. ठरलेला शब्द पंतांच्या पत्नी नीलाबाई चिठ्ठीवर लिहायच्या, खाली तारीख घालायच्या आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवायच्या. मराठी चौथीत शाळा सुटलेल्या बाईने त्या डब्यात 'मांडलिक राष्ट्र', 'तटस्थ', 'प्रभावक्षेत्र' असं सगळं जग कोंबलं होतं. अक्षर मात्र मोत्यासारखं.

एक पान पुरं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा पंतांचा नियम. आणि गेले अडीच महिने पान हलत नव्हतं.

मंगळवारी प्रकाशकाचं पत्र आलं. महिनाअखेर हस्तलिखित पोचलं नाही, तर ते दुसऱ्या कुणाचा कोश छापणार होते. पंतांनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं, "उद्या उत्तर लिहितो" म्हणाले. बुधवारी जेवताना विचारलं, "प्रकाशकाचं काही आलं का गं?" नीलाबाईंनी आमटी वाढली. "नाही," म्हणाल्या. पत्र डब्याच्या तळाशी गेलं.

"सुचला!" पंत आतून आले ते धोतराचा सोगा सावरतच. चेहरा असा, की बक्षीस मिळालेलं पोरही लाजावं. "सुपर पॉवर! अरे, काल खाडीवर गेलो होतो. मोठं गलबत चाललं होतं, आणि काठाला गोमाजी कोळ्याची होडी. गलबताने तिला हात लावला? नाही. पण होडी हलली! नुसत्या जाण्याने इतरांना हलवते, ती कोण? महासत्ता!"

श्रीपादराव कपात बघत राहिले. "चपखल," म्हणाले.

"वा, मास्तर," आनंद म्हणाला. त्याच्याच्याने मान वर करवली नाही.

"अगं, लिही."

नीलाबाईंनी दौत पुढे ओढली. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला होता. दुपारी मासळी घेऊन आलेल्या मनुबाईलासुद्धा त्यांनी गलबताचं सांगितलं होतं. "आमचे गोमाजीची होडी पुस्तकान?" म्हणत ती हसत सुटली होती. आज मात्र 'म' काढतानाच बोटं जड झाली. काल पंत खाडीवर गेलेच नव्हते. कडी लावून घरात बसले होते.

"आता या शब्दावर नीट चर्चा होऊ दे," पंत मांडी घालत म्हणाले. "घाई कसली? पुढचं पान पुढल्या रविवारी."

श्रीपादरावांनी आनंदकडे पाहिलं, आनंदने वहिनींकडे. पुढचा रविवार महिन्याचा शेवटचा होता.

नीलाबाईंनी टाक खाली ठेवला. डबा उघडला आणि चिठ्ठ्या एकेक करून पंतांच्या पुढ्यात मांडल्या. महासत्ता, महासत्ता, महासत्ता. दहा झाल्या. शेजारी आजची ओली ठेवली.

पंत वाकले. तारखांवरून बोट फिरवत गेले, परत पहिलीवर आले.

"या कुणी लिहिल्या?"

"मी. तुम्ही सांगितलंत तेव्हा तेव्हा."

"मग कुणी बोललं कसं नाही मला?"

 नीलाबाईंनी पदराने ओल्या शाईचा थेंब टिपला. सकाळपासून, खरं तर अडीच महिन्यांपासून, त्या दमल्या होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमच्या लक्षात राहत नाही आता."