डाव्या बुटाची वणवण

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. सध्या दाराजवळच्या मांडणीत, अगदी खालच्या फळीवर पडून आहे आणि मला इथे अजिबात करमत नाही. माझा जोडीदार उजवा शेजारीच आहे, तो मात्र खुशाल झोपा काढतो. मला ते जमत नाही. पाय आत आला की निघायचे, एवढेच मी जन्मभर शिकलो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. साच्यावर ताणून बसवले, तळाला जाड रबर चिकटवले, कडेने दुहेरी शिवण घातली. मग दुकानाच्या काचेत तीन महिने नुसते उभे राहायचे. रस्त्यावरून माणसे भराभर जाताना दिसायची आणि माझी चडफड व्हायची. एक दिवस ताई आली आणि तिने आम्हाला पायात घालूनच दुकान सोडले. मी तिला ताईच म्हणतो, कारण तिचा धाकटा भाऊ तिला तशी हाक मारतो. त्या भावाला सगळे छोटू म्हणतात. छोटूचे केस पिकले, पण नाव काही मोठे झाले नाही.

बहीण-भावाचा धंदा असा होता: कुणी राहत नसलेली घरे शोधायची, मालकाला गाठून ती विकत घ्यायची, डागडुजी करून पुढे विकायची. छोटू मूळचा रंगारी, त्यामुळे डागडुजी त्याच्याकडे. शोधायचे काम ताईचे. आणि ताईचे म्हणजे माझेच की!

छोटू म्हणायचा, स्कूटर घेऊन जा. ताई म्हणायची, गाडीवरून भिंती दिसतात, पायी गेले की उंबरठा दिसतो. उंबरठ्यापाशी तर मीच असायचो. दाराखाली अडकून पिवळी पडलेली पत्रके, पायरीच्या फटीत उगवलेले गवत, विजेच्या मीटरची थांबलेली चकती, सगळे आम्ही टिपत असू. शेवटी ताईची एक खास परीक्षा असे. फाटकाच्या कडीत ती गवताची एक काडी खोचून ठेवी. मग आठ-आठ दिवसांनी तीन फेऱ्या. तिन्ही वेळा काडी जागच्या जागी सापडली, की वहीत ‘रिकामे’ असा शेरा पडे.

गल्ल्यामागून गल्ल्या आम्ही पालथ्या घातल्या. कुत्री मागे लागली, रखवालदारांनी हटकले, एका आजोबांनी तर चोर समजून वरून बादलीभर पाणी ओतले. मी खूश होतो. संध्याकाळी ताई मला पुसून पॉलिश करी आणि छोटूला सांगे की हे बूट आहेत म्हणून आपला धंदा आहे. ते ऐकून मी इतका फुगायचो की दुसऱ्या दिवशी तिला चावायचो.

मग एक वर्ष वाईट गेले. छोटूने घाईघाईत, ताईला न दाखवता एक घर घेतले आणि त्याचा पायाच खचलेला निघाला. बरीच पुंजी त्यात बुडाली. उरली त्यात आणखी एकच घर घेता येणार होते. तेही फसले तर धंदा गुंडाळायचा, असे दोघांनी ठरवले.

त्या धास्तीतच ताईला निळ्या फाटकाचे घर सापडले. गवत, पत्रके, मीटर, सगळे अगदी हवे तसे. पहिल्या फेरीला काडी जागेवर, दुसऱ्या फेरीलाही जागेवर. तिसऱ्या फेरीलाही काडी तशीच पाहून ताई मागच्या अरुंद बोळातून परत निघाली आणि तिथे माझ्या तळातून पाणी आत शिरले. ते पाणी कोमट होते, त्याला साबणाचा वास होता आणि ते त्याच घराच्या मोरीतून येत होते. आत कुणीतरी नुकतेच धुणे धुतले होते!

मला कळले, पण ताईला नाही. तिचा मोजा भिजला होता. तिने पाण्याकडे पाहिलेच नाही, माझ्याकडे पाहिले. गळायला लागला मेला, असे म्हणून तिने पाय झटकला. माझा तळ फाटला होता हे खरेच. घरी येऊन तिने वहीत ‘रिकामे’ लिहिले, मला फळीवर टाकले आणि नवे बूट आणले.

ते दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. फळीवरून सगळे ऐकू येत होते. घराची मालकीण म्हणजे वारलेल्या मालकाची, दूरच्या शहरात राहणारी पुतणी होती. तिने फोनवर सांगितले, काका वारल्यापासून घर बंदच आहे, किल्ली सापडत नाही, कुलूप तोडून बघून घ्या. छोटू आनंदाने शीळ घालत होता. मी आत तळमळत होतो. उजव्याला सांगितले, तर तो म्हणाला की आपल्याला काय करायचे आहे.

सुदैवाने नव्या बुटांनी ताईच्या टाचेला मोठा फोड आणला. छोटूने मला मोच्याकडून नवा तळ बसवून आणला होता. कुलूप तोडायच्या दिवशी ताईने पुन्हा आम्हालाच पायात घातले. छोटू कुलूपवाल्याला घेऊन पुढच्या दाराशी गेला आणि ताई सवयीने मागच्या बोळात वळली. मोरीपाशी मी पुन्हा भिजलो, पण या वेळी मोजा कोरडा राहिला. ताई थांबली. वाकून तिने पाण्याला बोट लावले. बोटाला फेस आला. तिने मागचे दार वाजवले, थोडे थांबून पुन्हा वाजवले.

आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. “इथं कुणी राहत नाही.”

ताईचा पाय माझ्यात थरथरला.

“मावशी, मी एकटीच आहे,” ती म्हणाली. “दार उघडा.”

दार बोटभर उघडले. मला दोन अनवाणी, भेगाळलेले पाय दिसले. मावशींनी वीस वर्षे त्या काकांचा स्वयंपाक केला होता. जाताना काका म्हणाले होते, इथेच राहा. कागद मात्र कसलाच नव्हता. कुणी हाकलून देईल या भीतीने त्यांनी पुढचे दार उघडणे सोडले होते, दिवा लावणेही सोडले होते. त्या कुजबुजत सांगत होत्या आणि तेवढ्यात पुढून हातोड्याचा पहिला घाव ऐकू आला. ताई धावली. इतक्या जोरात तिने मला कधीच पळवले नव्हते.

“छोटू, थांबव ते. आत माणूस आहे.”

छोटूचा चेहरा उतरला. “मग घर गेलं ताई. आता काय करायचं आपण?”

“घ्यायचं. मावशींसकट.”

“आणि असं घर विकत कोण घेणार आपल्याकडून?”

“नाही विकायचं.”

तीन दिवस दोघे हिशेब मांडून भांडत होते. शेवटी ताईचेच झाले. मागची खोली मावशींची, हे कागदावर पक्के झाले. पुढच्या खोल्या भाड्याने गेल्या. पैसा अडकला तो अडकलाच आणि पुढचे घर शोधायचे कारणच उरले नाही. छोटू पुन्हा लोकांच्या भिंती रंगवतो. ताई एका दुकानात काम करते, तिथे चपला पुरतात.

खोटे कशाला बोलू, कधीकधी मला मावशींचा रागही येतो. वर्ष झाले, माझ्यावर पॉलिशचे बोट फिरलेले नाही. कातड्याला चिरा पडल्या आहेत आणि नवा तळ न झिजताच कडक होत चालला आहे. पण ते थरथरणे आठवले की राग जातो.

मित्रांनो, तुमच्या घरीही असा एखादा जोड पडून असेल. त्याला पुसा, चार पावले फिरवून आणा. फिरता फिरता एखादे बंद घर दिसले, तर मागच्या बाजूला वळसा घाला आणि दार वाजवा. कदाचित आतून कुणीतरी सांगेल, इथे कुणी राहत नाही. तेवढ्यावर परत फिरू नका.