पाठीवरून फिरलेला हात

मी टोपली बोलतेय. वेळूच्या कामट्यांची, बाभुळगावच्या बुरडानं विणलेली, रुंद तोंडाची. आजवर माझ्यातून वांगी गेली, तुरीच्या शेंगा गेल्या, शेणाच्या गोवऱ्याही गेल्या. पण माझ्या मनाला लागून राहिलंय ते सशांचं ओझं.

माझी मालकीण भागीरथाबाई, पुंडलिकरावांची बायको. सोळा सोमवार करणारी. सोमवारी मटणाचं नावसुद्धा तोंडातून काढायचं नाही, हा नियम तिचा तिनंच घातलेला.

सलग दोन वर्षं कापसाला भाव मिळाला नव्हता. घराघरांत कापूस आढ्यापर्यंत रचलेला आणि चुलीपुढे बायका गप्प. तेव्हा बचत गटातल्या पाच जणींनी ठरवलं, मांसासाठी ससे पाळायचे. बोरी अरब गावाकडच्या तांड्यावर पूनमसिंग ससे विकायचा. त्याच्याकडून चांगले ससे निवडून कोण आणणार?

"भागीरथाच जाईन," गटातली विमलताई म्हणाली. "तिच्या हातची शेळी कधी मेली का? फक्त उपासाच्या दिवशी पाठवू नका, नाहीतर सशाच्याच पाया पडून येईन!"

सगळ्या खदखदा हसल्या. पण पूनमसिंग घरी सापडायचा सोमवारीच. बाकीचे दिवस तो बाजारांत. त्यामुळे गेली ती उपाशीच, मला कडेवर घेऊन, एसटीनं.

"या बाई. ससे कायले पाह्यजेत?" पूनमसिंगनं विचारलं. "पाळाले का खायले?"

भागीरथाबाईची बोटं माझ्या काठावर आवळली. ओठ हलले, पण शब्द आला तो वेगळाच.

"पाळाले. लेकराइले खेळाले."

भला माणूस तो. त्यानं मागचे भारी, रुंद पाठीचे ससे दाखवलेच नाहीत. पुढच्या पिंजऱ्यातले इवलेसे पांढरे काढले. "हे घ्या. वाढत नाहीत, चावत नाहीत. लेकरं खूश!"

एक नर, चार माद्या माझ्यात आल्या, वरून फडकं बांधलं. हे चुकतंय, हे मला कळत होतं. पण खरं सांगू? इतकं मऊ, इतकं ऊबदार असं माझ्यात कधी कुणी बसलंच नव्हतं. मला बरं वाटलं. आपण ह्यांना कशासाठी नेतोय, हे मी वाटभर विसरून गेले. माझा अपराध तो.

पाच जणींनी चार महिने पाला वाहिला. शेताच्या धुऱ्यावरची घोळाची भाजी, तुरीचा पाला, कोवळं गवत. पिल्लं झाली, तीही तळहाताएवढी. मग यवतमाळचा खाटीक आला. त्यानं एक उचलून पाहिलं आणि परत ठेवलं.

"ताई, याच्यात मटण कुठं हाय? मांजराचं बी पोट नाही भरन."

विमलताई पेटली. "त्या पूनमसिंगानं फसवलं आपल्याले! उद्या सोमवार हाय, घरीच सापडन. चाल भागीरथा, त्याच्या दारात उभी राहून सगळ्या तांड्याले आयकवतो."

भागीरथाबाईनं त्या दिवशी जेवणच केलं नाही. वर दुसऱ्या दिवशी सोमवार.

तांड्यावर पोचल्या पोचल्या विमलताईनं तोंड सोडलं. शेजारचे लोक जमले. पूनमसिंग भांबावून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत राहिला. त्यानं तोंड उघडायच्या आत भागीरथाबाईनं मला खाली ठेवलं.

"त्याले नको बोलू विमलताई. खोटं मी बोलली. उपास व्हता, मटणाचं नाव घेवाले जीभ नाही वळली. याचा काहीच दोष नाही."

"अवं माय!" विमलताईनं कपाळावर हात मारला. "आन् तुह्या पोटातलं देवाले दिसत नाही का?"

पूनमसिंग म्हणाला, "मंग आज घ्या नाव, बाई. त्याबिगर म्या ससा देत नसतो."

भागीरथाबाईनं डोळे मिटले नाहीत. "खायले पाह्यजेत," ती म्हणाली. "कापाले."

मग त्यानं मागचे पिंजरे उघडले आणि शिकवलं. पाठीवरून हात फिरवायचा. मणके टोचले तर सोडून द्यायचा, हाताला भरीव लागला तर घ्यायचा. मांड्या चाचपायच्या, दात पाहायचे, कान आतून स्वच्छ हवेत.

भागीरथाबाई हात फिरवू लागली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माया करतेय. सशांनाही तेच वाटलं. एकेक जण तिच्या हाताखाली अंग सैल सोडून डोळे मिटत होता. जो भरला नव्हता, तो पिंजऱ्यात राहिला. जो भरला होता, ज्यानं अगदी निवांत डोळे मिटले, तो माझ्यात आला. असे पाच तिनं मोजून ठेवले.

आता पाच घरी सशांचे पिंजरे भरले आहेत. दर रविवारी खाटीक येतो. त्याच्यापर्यंत ससे मीच नेते. पांढरे इवलेसे मात्र भागीरथाबाईच्या अंगणात नुसते खाऊन बसतात. त्यांना हात लावायची कुणाची छाती नाही. ती अजून उपास करते आणि सोमवारी कुणी विचारलंच, तर ससे कशासाठी पाळलेत ते सरळ सांगते.

मी जुनी झाले. सशांनी कुरतडून माझ्या कुशीला भोकं पाडली आहेत. पुंडलिकराव म्हणतात, बुजवून घेऊ. बाई, तेवढं करू नका. त्या भोकांतून त्यांना वाट दिसते. मी त्यांना कुठं नेतेय, हे झाकून नेण्याची हिंमत आता माझ्यात नाही.