वडाच्या पलीकडचा हात

"रूपाली म्हणते," या दोन शब्दांनी इंदूच्या घरात बिऱ्हाडच थाटलं होतं. वरणात मीठ विसरलं तरी निरंजनच्या ध्यानात यायचं नाही, पण रूपाली काय म्हणते ते त्याला शब्दन् शब्द पाठ. रूपाली म्हणते, कड्यावरचं झाड अर्धपोटी राहते म्हणूनच टिकते. रूपाली म्हणते, चुनखडीत पाणी थांबत नाही, फटीफटीतून खाली जाते, अन् मुळं त्याच्या मागं मागं जातात. जाऊ देत! मुळं जातात ती जातात, नवराही मागं मागं चालला होता, त्याचं काय?

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, निरंजनच्या खात्यानं इथं ऑफिस उघडलं आणि दोघं ऐन हिवाळ्यात नागपूरहून रायपूरच्या शंकर नगरात राहायला आली. निरंजन दगडांचा माणूस. शहराबाहेर चुनखडीचा एक जुना कडा होता, अर्धा खदानवाल्यांनी खाऊन सोडलेला. तो उरलेला कडा ठेवायचा की फोडायचा, हे पाहायचं काम त्याच्याकडे आलं. आणि त्या कड्यावरची झाडं तपासायला पुण्याहून आली ही रूपाली. तिशीची, बिनलग्नाची. ती दोराला लटकून झाडं मोजायची, आणि वर दोर धरायला कोण? तर हाच.

"दुसरं कोणी नाही का धरायले?" इंदूनं एकदा विचारलं.

"दोर धरायले भरवशाचा माणूस लागते," निरंजन म्हणाला, आणि वर हसला. त्या दिवशी इंदूच्या पोळ्या करपल्या.

मग आली वटपौर्णिमा. आदल्या दिवशी इंदू म्हणाली, "बाजारातून वडाची फांदी घेऊन या." त्यावर हा बाबा काय म्हणतो? "रूपाली म्हणते, फांद्या तोडू नये. कड्यावर जिता वड आहे, उद्या तिथंच चल."

आता मात्र हद्द झाली. सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून उपास करायचा इंदूनं, आणि वड ठरवायचा रूपालीनं! "तिले म्हणा, उपासही तूच कर," ती फणकारली. पण गेली. ती बया एकदा डोळ्यांनी पाहायची होतीच.

"या वहिनी, या!" रूपाली कड्याच्या माथ्यावर उभी होती. पँट, टोपी, नखांत पांढरी भुकटी, उन्हानं रापलेलं नाक. देखणी असती तर निदान कारण तरी कळलं असतं. ही अशी साधी, आणि तरी हा हिच्या पाठी, म्हणून इंदूचा आणखीच जळफळाट झाला. निरंजन हातोडी घेऊन कड्याच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि रूपालीनं इंदूला चार पायऱ्या उतरवून खाली एका अरुंद कपारीवर नेलं.

तिथं वड होता. वड म्हणायलाही लाज वाटावी असा. खोड मिठीत मावेल एवढंच, पानं लहान मुलाच्या तळहाताएवढी, आणि मातीचा पत्ता नाही. दगडाच्या भेगेतून तो आडवा बाहेर आला होता आणि मुळं खाली कड्यावर पसरली होती.

"लहान दिसतो ना? इथल्या सगळ्यांपेक्षा म्हातारा आहे," रूपाली म्हणाली. "खायला मिळत नाही म्हणून सावकाश वाढतो. याला शेणखत घालून पोसलं, तर स्वतःच्याच वजनानं कोसळेल."

"याच्याभोवती फेरे कसे घालायचे?"

"फेरे नाही जमत. खोडाच्या पुढ्यात कपार तुटलीय, मागं दगड. दोघींनी दोन्हीकडे उभं राहायचं. दोरा पुढून द्यायचा, मागच्या फटीतून परत घ्यायचा. एकट्या माणसाचं काम नाही." एवढं बोलून ती वरच्या गणेरीच्या झाडाला टेप लावायला गेली.

इंदूनं ताट खाली ठेवलं, आणि तिला दिसला दोरा. खोडाला गुंडाळलेलं पांढरं सूत, हळदीचे डाग पडलेलं, फार तर पंधरवड्याचं. वटपौर्णिमा आज. मग आजच्या आधी वडाला सूत बांधलं कोणी? आणि एकट्या माणसाचं काम नाही! इथं येतात ती दोघंच. म्हणजे अलीकडे ही उभी, पलीकडे तो, आणि मधून दोरा देताहेत एकमेकांच्या हातात. सात वेळा! बिनलग्नाची बया माझ्याच नवऱ्याला सात जन्मांसाठी बांधून बसली, आणि मला इथं पूजेला बोलावते!

इंदूनं दोन्ही हातांनी सूत ओढलं. तुटेना, तेव्हा दातांत धरून तोडलं.

"वहिनी, काय केलंत हे!" रूपाली धावत खाली आली.

"काय केलं ते तुले चांगलं माहीत आहे. कोणासोबत बांधला होता, सांग!"

"मी?" रूपाली बघतच राहिली. "मी कशाला दोरा बांधू?"

तेवढ्यात वरून पैंजण वाजले. हातात पाण्याचा लोटा घेऊन एक बाई पायऱ्या उतरत होती. "मीरा आहे, खालच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली," रूपाली हळूच म्हणाली. मीरानं झाडाकडे पाहिलं आणि तिचा लोटा कलंडला.

"मोर धागा कहाँ गे, दीदी?"

रडत रडतच तिनं सांगितलं, धागा तिचा होता. त्यांच्यात वडाची पूजा अमावास्येला. जेठानी, म्हणजे मोठी जाऊ, आणि ती, दोघींनी दोन बाजूंनी सूत बांधलं होतं. नवरा शहराजवळच्या उरला भागातल्या कारखान्यात तापल्या लोखंडानं भाजला, अजून अस्पतालात होता, आणि ती रोज येऊन सूत जागेवर आहे ना ते बघून जात होती.

इंदूनं मुठीतल्या सुताकडे पाहिलं. अमावास्येला! नागपुरातल्या शेजारच्या हिंदीभाषक भाभी कधी वड पूजतात, हे तिनं जन्मात कधी विचारलं नव्हतं.

"बंदर आए थे, मीरा," रूपाली म्हणाली. "उन्होंने तोड़ा होगा."

घ्या! आता उपकारही हिचेच! इंदूला ते सूत तोडल्यापेक्षा जास्त झोंबलं.

"बंदर नाही," ती म्हणाली. मुठीतलं सूत तिनं पुढं केलं. "मैंने तोड़ा. मेरा दिमाग फिर गया था."

मीरानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती मटकन खाली बसली. "अब का होही?" एवढंच म्हणत राहिली.

इंदूच्या ताटात सुताची एकच गुंडी होती, निरंजनच्या नावाची. तिनं ती उचलली. "ऊठ बाई. मी पलीकडे जाते. तू इकडून दे."

पलीकडची कपार वीतभरच होती आणि खाली नुसती पोकळी. इंदूनं एक पाय टाकला आणि मागं घेतला. रूपालीनं काही न विचारता आपला दोर तिच्या कमरेला बांधला आणि स्वतः मागं टेकून उभी राहिली.

"सोडणार तर नाही ना?"

"नाही वहिनी. जा."

भरवशाचा माणूस लागते, इंदूला आठवलं, आणि आठवून रागच आला. पण ती गेली. फटीतून तिनं हात घातला, तर पलीकडून मीराचा खरखरीत हात आला.

"नाव काय त्यांचं? नावाशिवाय मागू कसं?"

मीरानं तोंडावर पदर ओढला. नवऱ्याचं नाव कसं घेणार?

"दयाराम," मागून रूपाली म्हणाली.

सात वेळा सूत गेलं आणि आलं, आणि दर वेळी इंदूनं ते नाव घेतलं. गुंडी संपली. स्वतःच्या नवऱ्यासाठी एक टीचभर दोराही उरला नाही.

परतताना जीपमध्ये निरंजन खुशीत होता. "पाहिलं? रूपाली म्हणत होती तसाच आहे ना वड? मनापासून मागितलं ना?"

"हव," इंदू म्हणाली. "दयारामसाठी मागितलं."

"कोणासाठी?"

"दयारामसाठी. त्याचंच नाव घेतलं, सातही वेळा."

गिअर करकरला. "कोण दयाराम?"

"आहे एक." इंदूनं पदर सावरला आणि खिडकीतून बाहेर पाहू लागली.

शंकर नगर येईस्तोवर "रूपाली म्हणते" एकदाही ऐकू आलं नाही. दारापुढं जीप थांबली, तरी तो किल्ली हातात धरून बसलाच होता. "इंदू, मले सांग ना, हा दयाराम आहे तरी कोण?"

"रूपालीले विचारा," ती म्हणाली, आणि कुलूप उघडायला उतरली.