देखरेखीचं उलथणं

सरकार घरी येणार म्हटल्यावर माणूस एकतर घाबरतो, नाहीतर दाढी करतो. घाटकोपरच्या भटवाडीतल्या धाकू परबने दोन्ही केलं.

भटवाडीच्या टेकडीखालून वेगवान गाडीचा बोगदा चालला होता. गाडी कधी धावणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं, खर्च मात्र आत्ताच सुसाट सुटला होता. त्याला वेसण घालायला सरकारने एक देखरेख समिती नेमली. धाकूला त्या खर्चाचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या जिवाला घोर होता तो घरातल्या भेगेचा. देव्हाऱ्यापासून खिडकीपर्यंत गेलेली ती भेग दिसामाशी वाढत होती, आणि त्याच भिंतीला लागून नात जान्हवीची खाट होती. एका खोलीच्या घरात खाट हलवायची तरी कुठे?

तक्रार केल्यावर बोगद्याचे इंजिनीअर हर्षदसाहेब येऊन भेगेवर एक काचेची पट्टी चिकटवून गेले. “काच फुटली तर भिंत हलतेय असं समजा आणि मला फोन करा,” म्हणाले. काच फुटली. धाकूने फोन केला. साहेबांनी उचलला नाही, तो आजतागायत. मग धाकूने समितीकडे धाव घेतली, आणि अध्यक्षा शर्मिष्ठा मॅडम स्वतः घर बघायला येणार असं ठरलं. फुटकी काच दाखवली की काम फत्ते, असा त्याचा हिशेब होता.

सकाळी पाहुण्यांना आणायला नाक्यावर निघताना तो बायकोला म्हणाला, “शेवंती, मोठी माणसा येतत. घर जरा नीट ठेव गो.”

संसाराला चाळीस वर्षं झाली, पण आपण बोललेलं बायको कधी ऐकते आणि कधी नको तितकं ऐकते, हे धाकूला अजून उमगलं नव्हतं.

मॅडम आणि त्यांच्यासोबत आलेल्या हर्षदसाहेबांना घेऊन तो चढ चढून परतला, तर दारात रांगोळी, घरात घावण्यांचा वास, आणि भिंत? पांढरीशुभ्र! गणपतीच्या आधी व्हावी तशी लिंपलेली, चुना मारलेली. भेगेचा मागमूस नाही. काचही नाही.

‘वाट लागली,’ धाकू मनात म्हणाला.

“मॅडम, भिंत तर झकास आहे,” हर्षदसाहेबांचा चेहरा उजळला.

“परब, भेग कुठाय?” मॅडमनी विचारलं.

“होती… आज सकाळपर्यंत होती.”

“मग काय, सुट्टीवर गेली?” मॅडम हसल्या आणि शेवंतीकडे वळल्या. “तुम्हाला काही त्रास?”

“छे! देवाच्या कृपेन सगळा बरा आसा. तुमी आधी बसा, घावणे गरम आसत.” आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही, ही तिच्या माहेरची शिकवण.

धाकूला ब्रह्मांड आठवलं. “अगो, काच खय हा?”

“फुटकी काच घरात ठेवूची नसता. कचऱ्याच्या गाडीत दिलंय.”

सगळं मुसळ केरात. बसता बसता मॅडमनी भिंतीला हात टेकला, आणि त्यांचा तळवा पांढरा झाला. त्यांनी तो आधी बघितला, मग हर्षदसाहेबांकडे बघितलं.

“चुना ओला आहे. आम्ही येणार म्हणून तुम्ही भेग बुजवून घेतलीत?”

“नाही मॅडम, आईशप्पथ!”

साहेबांना दरदरून घाम फुटला. धाकूच्या मनात आलं, आपण गप्प बसलो तरी काम होतंय. तो गप्पच बसला. पण शेवंतीला ते बघवेना.

“अवो, तेंका कशाक बोलतास? मियाच लिंपलंय. पावणे येतले म्हटल्यावर अशी भेगाळलेली भिंत दाखवूची काय?”

मॅडमना आधी हसू आलं, मग ते विरलं. “आजी, मी जाते तिथे हेच. बोगद्यावर गेले तर नवा रंग, ऑफिसात गेले तर ताज्या कुंड्या. बघायला येते मी, आणि दाखवत मला कोणीच काही नाही.”

शेवंतीचा चेहरा पडला. क्षणभर ती खाटेवर पसरलेल्या जान्हवीच्या गोधडीकडे बघत राहिली. मग तव्यावरचं उलथणं उचललं आणि भिंत खरवडायला लागली. ओला चुना भराभर खाली पडला, लिंपणाचे पोपडे सुटले. एका जागी तिने जोर केला, तसं उलथणं मुठीपर्यंत आत गेलं.

सकाळी घाईघाईत लिंपताना भिंत आतून एवढी पोकळ झालीय हे तिला कळलंच नव्हतं. इतके दिवस नवऱ्याला ‘उगाच भितात’ म्हणून हिणवलं त्याची तिला लाज वाटली.

“हर्षद, आत्ताच्या आत्ता भिंतीला टेकू लावा,” मॅडम म्हणाल्या. “आणि आज रात्री ही मंडळी इथे झोपणार नाहीत. तुमच्या गेस्ट हाऊसवर राहतील.”

साहेबांनी स्वतःच बोगद्यावर फोन लावला. या खेपेला पलीकडून लगेच उचलला गेला.

शेवंतीने डोळे पुसले, पाहुण्यांना घावणे वाढले, नारळाचा रस वाढला, हर्षदसाहेबांना एक जास्तच. मॅडम निघाल्या तेव्हा तिने उलथणं धुऊन पुसून त्यांच्या हातात दिलं.

“ह्यां घेवन जावा. तेंच्या बोगद्यातय भिंती असतल्यो.”

मॅडमनी ते पर्समध्ये ठेवलं. मूठ बाहेरच राहिली, आणि हर्षदसाहेब नाक्यापर्यंत तिच्याचकडे बघत चालले.