शोभाबाईची हाक

आमच्या डिंडोलीच्या मराठी शाळेची घंटा दोनदा व्हायची. एक शाळेतली, लोखंडी पट्टीवरची. तिच्याआधीची नवागामच्या गल्लीत, शोभाबाईच्या तोंडची. तिथले बाप, खानदेशातून आलेले, लूमवर कापड विणायची रात्रपाळी करून नुकते आडवे झालेले असायचे, बायका साड्यांना टिकल्या चिकटवत बसलेल्या. पोरांना शाळेत पाठवायचं भान कुणाला? आमच्या शाळेतली आया शोभाबाई दारोदार हाक मारायची आणि सगळा घोळका घेऊन फाटकात शिरायची. हे काही तिचं ठरलेलं काम नव्हतं. पण त्यामुळे मला फक्त शिकवायचं उरायचं, आणि माझ्यासारखी चिडकी बाई दुपारपर्यंत माणसात असायची.

लूमवरच्या निंबाची पोर गायत्री माझ्या वर्गात, दुसरीत. पहिलीचं अख्खं वर्ष ती वर्गात एक शब्द बोलली नव्हती. शोभाबाई मधल्या सुट्टीत तिला मांडीशी घेऊन अहिराणीत गप्पा मारायची, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. दिवाळीच्या आधी तिने फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि वळून दारातल्या शोभाबाईकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या आयांचा ठेका बदलला, नव्या ठेकेदाराने माणसं कमी केली आणि शोभाबाईला घरी बसवलं. त्याच सुमाराला एका साहेबांनी प्रशिक्षणात सांगितलं की शिक्षकांवरचा भार हलका करायचाय, म्हणून हे हजेरीचं नवं अ‍ॅप. मला हसावं की रडावं कळेना. पाण्याची टाकी मी बघायची, जेवणाचे आकडे मी भरायचे, कुणी ओकलं तर मीच पुसायचं, आणि वर मतदारयादीचं काम. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

सुट्टीनंतर गायत्री आलीच नाही. अ‍ॅपमध्ये मी रोज ‘गैरहजर’ दाबत होते. बापाचा फोन लागत नव्हता. खानदेशात गेलेली माणसं दिवाळीनंतर उशिराच परततात, असं मी धरून चालले. शेवटी एका रविवारी घर शोधत गेले.

गायत्रीची आई वर्षा मला बघून गोंधळली. शाळा कधीच सुरू झाली, असं मी सांगितलं तेव्हा तिच्या हातातली साडी तशीच राहिली.

“शोभामावशी बलावाले उनी नही,” ती म्हणाली. “मोठा पोरं जायेत, पन आम्हले वाटनं धाकलास्नी शाळा बंद पडनी. पोर रोज दफ्तर लिसन उंबराठावर बसे, मावशीनी वाट देखे.”

मग पारोळ्याकडे मामीला बाळ झालं. पोर घरी रिकामीच आहे म्हणून तिला बाळ सांभाळायला धाडलं होतं. परत कधी आणणार, विचारलं. आता मामीला तिची सवय झाली, असं वर्षा खाली मान घालून म्हणाली.

तशीच शोभाबाईकडे गेले. ती दोन गल्ल्या सोडून राहायची आणि आता मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायची. कामाला जाताना ती मागच्या वाटेने जायची, कारण पोरांनी विचारलं तर काय सांगणार? काढून टाकलं हे तिच्या जिभेवर येत नव्हतं. गायत्रीचं ऐकून तिने पदर तोंडाशी घेतला आणि बराच वेळ रडली. मीही रडले.

सोमवारी फाटकाशी गलका ऐकू आला. शोभाबाई मार्केटला जाण्याआधी नवागामची पोरं घेऊन आली होती. मी आत बोलावलं, तिने मानेनेच नाही म्हटलं. फाटकाबाहेरूनच एकाचं नाक पुसलं, एकीची रिबीन बांधली.

“गायत्रीना दारशी बी हाक मारी मी,” ती म्हणाली. “माले ठाऊक व्हतं ती नही शे. तरी तोंडमा उनंच.”

मग ती रिक्षात बसून गेली. शाळेची घंटा द्यायला कोणी नव्हतं, ती मीच दिली.