घरच्या माणसाला टेप नाही

टेलरमास्तरांचा एक हट्ट होता: गिऱ्हाइकाला टेप, घरच्या माणसाला नजर. परक्याचं माप घ्यावंच लागतं, तो परकाच असतो. पण बायकोच्या अंगाला टेप लावायची म्हणजे इतकी वर्षं संसारात नुसत्या झोपा काढल्या असं कबूल करणं. हे ते दुकानात येईल त्याला ऐकवत आणि ऐकणारा मान डोलावे, कारण त्याची पँट अजून मास्तरांच्या ताब्यात असे.

बायकोही त्यांच्याच अंदाजाचे कपडे घालत आली होती आणि ते अंगावर छान बसत. मास्तर दुरून बघत आणि स्वतःवरच खूश होत.

ती आता वाचनालयातून निवृत्त होणार होती. निरोपाच्या कार्यक्रमासाठी त्यांनी राखाडी कोट शिवला, अर्थात नजरेने. आदल्या दुपारी नणंद मदतीला आली, कारण बायकोच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती आणि बटणं लावायला कुणीतरी हवं होतं. घालून बघताच कोट खांद्यावरून घसरला, बाह्यांनी बोटं गिळली. नणंदेने विचारलं, दादाने चुकून कुणा गिऱ्हाइकाचा तर नाही ना आणला?

छे, ती म्हणाली, दर वेळी असाच येतो. ते दुकानात गेले की मी उसवते, आत घेते, इस्त्री फिरवून ठेवते. या खेपेला अंगठ्याने दगा दिला, एवढंच.

चष्मा विसरला म्हणून परत आलेले मास्तर दारात उभे होते. नणंदेला एकदम घरी दूध गॅसवर राहिल्याचं आठवलं.

मास्तरांनी विचारलं, हे कधीपासून. पहिल्या कपड्यापासून, ती म्हणाली.

"म्हणजे तू मला कधी नीट दिसलीच नाहीस?"

"दिसले की. आहे त्यापेक्षा जरा मोठी दिसले. त्याचं कुणाला वाईट वाटेल?"

मास्तरांना वाटलं. उद्या भरल्या सभेत ही थोरल्या बहिणीचा कोट घातल्यासारखी उभी राहणार, आणि तो त्यांनी शिवलेला. गळ्यातली टेप काढून ते तिच्या मागे गेले. गल्लीतल्या प्रत्येक कारकुनाचे खांदे त्यांना पाठ होते. हिचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, हे त्यांना आज कळलं.

"हा कधी उतरला?"

"पुस्तकांची पिशवी त्याच बाजूला असते. तुम्हीच शिवलेली."

आकडा वाचून झाला होता, तरी टेप त्यांनी खांद्यावरून लगेच उचलली नाही.

मग कोट उसवायला घेताना त्यांनी गिऱ्हाइकाला विचारतात त्याच सुरात विचारलं, पोटाशी किती सैल ठेवायचा.

"तेवढं तुमच्या अंदाजाने ठेवा," ती म्हणाली.

मास्तरांनी खडू उचलला, थांबले, आणि विचारलं, उद्या आधी भाषणं आहेत की जेवण.